तुळसाबाई होळकर : कारस्थान आणि राजकारण

इंदूरच्या कृष्णपुऱ्यात, राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, खान नदीच्या काठी होळकर राजघराण्याच्या छत्र्या उभ्या आहेत. दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या छत्र्यांच्या शेजारी येथे कृष्णाबाईंची छत्री आहे. पहिल्या यशवंतराव होळकरांच्या निधनानंतर ज्यांना लहानपणीच गादीवर बसविण्यात आले, त्या तिसऱ्या मल्हाररावांच्या या जन्मदात्या माता. केसरबाई हे त्यांचे दुसरे नाव. उत्तर आयुष्यात त्या ‘माँसाहेब’ म्हणून ओळखल्या गेल्या आणि हा सारा परिसर त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

परंतु याच मल्हाररावांना आणखी एक माता होती. त्यांना दत्तक घेऊन, मांडीवर बसवून, सहा वर्षे ज्यांनी होळकरांची दौलत सांभाळली त्या तुळसाबाई. त्यांची छत्री येथे नाही. इतिहासाच्या पुस्तकांत त्या भेटतात त्या एक सुंदर, बुद्धिमान, पण क्रूर आणि कपटी स्त्री म्हणून. ‘कारस्थानी’ हे विशेषण त्यांच्या नावाला असे चिकटले आहे की, त्यांच्या मनात नेमके काय होते, कोणत्या भीतीने वा कोणत्या आकांक्षेने त्या वागल्या, हा प्रश्न विचारण्याची गरजच पुढच्या पिढ्यांना फारशी वाटली नाही.

कथावाङ्मयात कारस्थानी पात्रावाचून पान हलत नाही. रामायणात मंथरा आहे, महाभारतात शकुनी आहे. मराठीतील जुन्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत राजपुत्राच्या वाईटावर टपलेला दिवाण किंवा सावत्र राणी हटकून असते. अशा पात्रांचे हेतू वाचकास ठाऊक असतात, कारण ते लेखकानेच ठरवून दिलेले असतात. विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ या बाबतीत अधिक सूक्ष्म आहे. चाणक्य आणि राक्षस हे दोघेही हेर पेरतात, खोटी पत्रे आणि विषप्रयोग दोन्ही पक्षांना वर्ज्य नाहीत. पण एक यशस्वी होतो म्हणून तो मुत्सद्दी ठरतो आणि दुसरा आपल्या मृत धन्याशी एकनिष्ठ असूनही पराभूत होतो. नाटककाराने तेथे पराभूताच्या निष्ठेलाही न्याय दिला आहे. इतिहासात मात्र पराभूताचे हेतू सांगण्याचे काम बहुधा जेत्याकडे जाते. तुळसाबाईंच्या बाबतीत नेमके हेच घडले.

बाळाच्या नावाने चालणारी दौलत

तुळसाबाईंच्या काळाकडे वळण्यापूर्वी अर्धशतक मागे जाणे आवश्यक आहे. इ. स. १७६६ मध्ये सुभेदार मल्हारराव होळकर निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा नातू मालेराव गेला. मल्हाररावांचे पुत्र खंडेराव १७५४ मध्येच कुंभेरीच्या वेढ्यात पडले होते. घरात कर्त्या म्हणून उरल्या त्या खंडेरावांच्या विधवा अहिल्याबाई. अशा वेळी होळकरांचे जुने दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड ऊर्फ गंगोबा तात्या यांनी बाईंस एक लहान मूल दत्तक घेण्याचा सल्ला दिला. सल्ला वरकरणी शास्त्राला आणि रूढीला धरून होता. परंतु मूल गादीवर आणि बाई देवधर्मात म्हटल्यावर कारभार कोणाच्या हाती राहणार हे उघड होते. दिवाणांनी राघोबादादांशी संधान बांधले आणि दादासाहेब फौजेनिशी माळव्याकडे निघाले. अहिल्याबाईंनी दत्तकास नकार दिला, तुकोजी होळकरांस सेनेची जबाबदारी दिली, इतर मराठा सरदारांकडे मदत मागितली आणि थोरल्या माधवराव पेशव्यांचा पाठिंबा मिळविला. दादासाहेबांस आपण केवळ सांत्वनासाठी आलो असल्याचे सांगावे लागले.

या प्रसंगाने होळकर दरबाराची एक कायमची दुखरी जागा उघडी पडली. ज्याच्या ताब्यात गादीचा बालवारस, त्याच्या ताब्यात दौलत. गंगोबा तात्यांचा हेतू दुष्टपणाचा होता असे म्हणण्यापेक्षा तो त्यांच्या पदातूनच जन्मला होता असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल. दिवाणाची सत्ता धन्याच्या मर्जीवर उभी. धनी जितका लहान आणि दुबळा, तितकी ती निर्धोक.

पुढे यशवंतरावांनीही हाच मार्ग चोखाळला. १७९७ मध्ये पुण्यास शिंद्यांच्या फौजेने त्यांचे बंधू दुसरे मल्हारराव यांस ठार केले. १८०१ मध्ये दुसरे बंधू विठोजी यांस बाजीरावाने पुण्यात हत्तीच्या पायी दिले. यशवंतराव तुकोजींचे औरस वारस नव्हते. त्यामुळे मृत मल्हाररावांचा लहानगा मुलगा खंडेराव याच्या नावाने त्यांनी कारभार चालविला. हा खंडेराव आणि यशवंतरावांचे थोरले बंधू काशीराव हे दोघेही पुढे मरण पावले आणि त्यांच्या मृत्यूंचा संशय यशवंतरावांवर घेतला गेला. तरीही १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत शिंदे-पेशव्यांचा मोड करणारे आणि १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनच्या फौजेस पळता भुई थोडी करणारे वीर म्हणूनच इतिहासाने त्यांचे स्मरण ठेवले आहे, आणि ते योग्यही आहे. मात्र ज्या तराजूत त्यांचे पराक्रम आणि त्यांच्यावरील संशय एकत्र तोलले जातात, तो तराजू तुळसाबाईंच्या वाट्याला आला नाही.

तुळसाबाईंचा उदय

तुळसाबाईंच्या पूर्वायुष्याची जी माहिती प्रचलित आहे ती बहुतांशी सर जॉन मॅल्कम याच्या १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथातून आलेली आहे. त्याच्या सांगण्यानुसार त्या मानभाव पंथातील अजिबा नावाच्या साधूची कन्या समजल्या जात. यशवंतरावांची नजर त्यांच्यावर गेली तेव्हा त्या विवाहित होत्या आणि त्यांच्या पतीस काही बिदागी देऊन वाटेस लावण्यात आले. यांत तुळसाबाईंची इच्छा कोणी विचारली असेल असे मानण्यास आधार नाही. त्यांची पुढील सारी महत्त्वाकांक्षा समजून घेताना हा आरंभ विसरता येत नाही. माहेरचे बळ नाही, सरदारांचे नाते नाही, पोटी मूल नाही. दरबारातील त्यांचे स्थान एका पुरुषाच्या प्रेमावर अवलंबून होते.

आणि १८०८ च्या सुमारास त्या पुरुषाची बुद्धी भ्रष्ट झाली. भानपुऱ्यास तोफांच्या ओतशाळेत रात्रंदिवस राबणारे यशवंतराव वेडाच्या झटक्यांत कोणासच आवरेनात. राज्यकारभार तुळसाबाई आणि बाळाराम शेठ यांच्याकडे आला. या काळात धर्मा कुंवर नावाच्या सेनाधिकाऱ्याने बंड करून यशवंतराव आणि तुळसाबाई या दोघांनाही ताब्यात घेतले व रानात नेले. मोठ्या मुश्किलीने त्यांचे प्राण वाचले. २८ ऑक्टोबर १८११ रोजी यशवंतराव भानपुऱ्यास निवर्तले. त्या वेळी मल्हारराव अवघे पाच-सहा वर्षांचे होते. तुळसाबाईंनी त्यांस आधीच आपले मानले होते. आता त्यांच्या नावाने त्या राज्य करू लागल्या.

कसले राज्य होते हे? होळकरांचा दरबार तेव्हा एका ठिकाणी नव्हताच. तो छावणीतून छावणीत फिरत होता. फौजेत तीन तट होते : अमीरखानाच्या वर्चस्वाखालील पठाण, दक्षिणी स्वार आणि कवायती पलटणी. अमीरखान स्वतः राजपुतान्यात गुंतलेला असला, तरी गफूरखान हा त्याचा नातलग दरबारात त्याच्या वतीने बसलेला होता. माळव्याचा मुलूख वर्षानुवर्षांच्या लुटीने आणि पेंढाऱ्यांच्या धुमाकुळाने उजाड झालेला, वसूल येईना, आणि पगार थकले की पलटणी धरणे धरून बसत. ज्या तटाचा पगार चुकता होई तो आज राखणदार, ज्याचा थकला तो उद्या पहारेकरी. अशा छावणीत एका तटास दुसऱ्याविरुद्ध खेळविणे हे जिवंत राहण्याचे एकमेव साधन होते, आणि तुळसाबाईंनी ते वापरले.

त्यांच्या हातून क्रूर कृत्ये घडली हे नाकारण्याचे कारण नाही. ज्या बाळाराम शेठच्या साहाय्याने त्यांनी कारभार हाती घेतला, त्याच्यावर पलटणींच्या बंडाळीत हात असल्याचा संशय येताच त्यांच्याच आज्ञेने त्याचा वध झाला. चौकशी नाही, न्याय नाही. त्यानंतर दिवाण गणपतराव यांचे प्रस्थ वाढले आणि त्यांच्याशी असलेल्या तुळसाबाईंच्या संबंधांविषयी मॅल्कमने उघड लिहिले आहे. बाळाराम शेठच्या रक्ताचा डाग तुळसाबाईंच्या नावावरून कोणत्याही युक्तिवादाने पुसता येणार नाही. प्रश्न एवढाच उरतो की, त्यांच्या साऱ्या कृतींमागे केवळ सत्तेची हाव होती, की त्या सत्तेवाचून आपण आणि आपला मुलगा एक दिवसही सुरक्षित राहणार नाही ही जाणीव होती. धर्मा कुंवराच्या बंडाने त्यांस जे शिकविले होते, ते पाहता दुसरी शक्यता दूर सारता येत नाही.

१८१७ चा डिसेंबर

त्यांच्या हेतूंची खरी कसोटी १८१७ च्या अखेरीस लागली. ५ नोव्हेंबरला खडकी येथे पेशव्यांची फौज इंग्रजांवर चालून गेली. त्याच दिवशी ग्वाल्हेरीस दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी करार केला. चारच दिवसांनी, ९ नोव्हेंबरला, अमीरखानानेही स्वतःपुरता तह करून टोंकचे संस्थान पदरात पाडून घेतले. नोव्हेंबरच्या अखेरीस सीताबर्डीवर नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. उरले होते ते होळकर.

छावणीत दोन मते होती. पठाण सरदार आणि पलटणींचे अधिकारी पेशव्यांच्या बाजूने लढण्यास उत्सुक होते. पेशव्यांकडून पैशाची आशा होती आणि पुढे इंग्रजांचा अंमल बसल्यास भाडोत्री फौजेचा धंदाच बुडणार होता. तुळसाबाईंनी मात्र गुप्तपणे इंग्रजांकडे बोलणे लावले होते आणि बाल मल्हाररावांस व दौलतीस त्यांच्या आश्रयाखाली आणण्याची तयारी दाखविली होती. डिसेंबरच्या मध्यास सर टॉमस हिस्लॉप आणि मॅल्कम यांच्या फौजा उज्जैनच्या बाजूने जवळ आल्या, वाटाघाटी झाल्या, पण निष्पत्ती झाली नाही. सरदारांस संशय आला की बाई आपल्याला विकत आहेत.

पुढची हकीगत मॅल्कमने दिली आहे. खेळत असलेल्या मल्हाररावांस फूस लावून तंबूबाहेर नेण्यात आले. बाईंच्या डेऱ्याभोवती पहारा बसला. गणपतराव पळून जाऊ पाहताना पकडले गेले. २० डिसेंबरच्या पहाटे तुळसाबाईंस पालखीत घालून महिदपूरजवळ क्षिप्रेच्या काठी नेले आणि तेथे त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यांचा आक्रोश ऐकून छावणीतील अनेकांना जाग आली. पण त्यांना वाचविण्यासाठी एकही हात वा आवाज उठला नाही, असे तो नमूद करतो. त्यांचा देह नदीत टाकण्यात आला. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आत होते.

दुसऱ्याच दिवशी, २१ डिसेंबरला, महिदपूरची लढाई झाली. रोशन बेगच्या तोफखान्याने इंग्रजांची मोठी हानी केली, तरी अखेर होळकरांचा पराभव झाला आणि साठांहून अधिक तोफा शत्रूच्या हाती पडल्या. नंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे तह झाला. राजपुतान्यातील संस्थानांवरील हक्क गेले, सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख गेला, दरबारात इंग्रज रेसिडेंट आला. होळकरांच्या वतीने हा तह घडवून आणला तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे यांनी. १८१८ मध्ये राजधानी इंदुरास आली आणि तात्या जोगांनी दिवाण म्हणून मोडकळीस आलेल्या दौलतीची घडी बसविली. मुत्सद्दी आणि राज्यरक्षक म्हणून त्यांची जी कीर्ती आहे ती त्यांनी कष्टाने मिळविलेली आहे.

तथापि दोन तारखांमधील अंतर मोजण्यासारखे आहे. इंग्रजांशी बोलणे लावल्याच्या आरोपावरून ज्या दिवशी तुळसाबाईंचा वध झाला, त्या दिवसापासून इंग्रजांशी तह होईपर्यंत अवघे सतरा दिवस लोटले. जे तुळसाबाई लढाईपूर्वी, हाती तोफा आणि मुलूख शाबूत असताना करू पाहत होत्या, तेच सतरा दिवसांनी पराभवानंतर, अधिक कडक अटींवर करावे लागले. पहिल्या प्रयत्नास कारस्थान हे नाव पडले आणि दुसऱ्यास राजकारण. इतकेच नव्हे, तर दरबारातील पठाण पक्षाचा प्रमुख गफूरखान यास मंदसोरच्या तहातील बाराव्या कलमाने जावऱ्याची जहागीर कायम करून मिळाली.

तुळसाबाईंचा डाव यशस्वी झाला असता तर होळकरांचे भले झालेच असते असे नाही. शिंद्यांनी न लढता करार केला, तरी त्यांचेही स्वातंत्र्य आक्रसलेच. आणि इंग्रजांच्या आश्रयात तुळसाबाईंस राज्याइतकीच स्वतःच्या अधिकाराचीही हमी हवी असणार. पण स्वार्थ आणि राज्यहित हे दोन्ही एकाच निर्णयात नांदू शकतात, हे दिवाणांच्या बाबतीत मान्य करणारा इतिहास या स्त्रीच्या बाबतीत मात्र तसे मान्य करीत नाही.

लेखणी कोणाच्या हाती

याचे एक कारण साधनांत आहे. तुळसाबाईंविषयीचा मुख्य साक्षीदार मॅल्कम हा महिदपूरच्या रणांगणावर इंग्रज फौजेच्या आघाडीस होता, मंदसोरचा तह त्यानेच केला आणि पुढे मध्य हिंदुस्थानचा कारभारही त्यानेच पाहिला. तो साक्षेपी आणि जिज्ञासू लेखक होता. माळव्याच्या इतिहासावर त्याचे ऋण मोठे आहे. परंतु १८१८ पूर्वीची अंदाधुंदी आणि नंतरची शांतता यांतील अंतर दाखविणे ही त्याच्या ग्रंथाची गरज होती. त्याने माहिती घेतली ती हयात असलेल्यांकडून. तुळसाबाई आणि बाळाराम शेठ यांना बाजू मांडता येण्यासारखी नव्हती. त्याच ग्रंथात त्याने अहिल्याबाईंचे मनःपूर्वक गुणवर्णन केले आहे आणि पुढच्या वाचकांच्या मनात या दोन स्त्रिया देवी आणि कृत्या अशा समोरासमोर उभ्या राहिल्या. अहिल्याबाईंस सुभेदारांचे शिक्षण, सासरचा मान आणि भरलेला खजिना लाभला होता. तुळसाबाईंस यांपैकी काहीही नव्हते.

मराठी मनात अशा प्रतिमा किती घट्ट बसतात याचे उदाहरण पुण्याच्या इतिहासात आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्याच्या हुकुमात आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, ही कथा मुलामुलांच्या तोंडी आहे. त्यास विश्वसनीय कागदोपत्री पुरावा मात्र नाही. रामशास्त्र्यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर, पण लोककथेने एका अक्षराचा सारा भार आनंदीबाईंवर टाकला. घरातील स्त्री कपटी ठरली की पुरुषांच्या जबाबदारीचा हिशेब मागण्याची गरज उरत नाही.

कृष्णाबाई

येथे पुन्हा कृष्णाबाईंकडे वळणे प्राप्त आहे, कारण त्यांचे उत्तरायुष्य तुळसाबाईंच्या चरित्रावर वेगळाच प्रकाश टाकते. २७ ऑक्टोबर १८३३ रोजी तिसरे मल्हारराव निःसंतान वारले. त्यांच्या विधवा गौतमाबाई आणि माता कृष्णाबाई यांनी मार्तंडराव या लहान मुलास दत्तक घेऊन जानेवारी १८३४ मध्ये गादीवर बसविले. हेतू तोच होता : बाल राजा आणि त्याच्या नावाने चालणारा कारभार. परंतु फेब्रुवारीत हरिराव होळकर यांची महेश्वरच्या कैदेतून सुटका झाली, सैन्य व प्रजा त्यांच्याकडे झुकली, आणि मार्तंडरावांस गादी सोडावी लागली. कृष्णाबाईंचा पहिला डाव फसला. त्यासाठी कोणी त्यांस नदीकाठी नेले नाही. त्या राजवाड्यात राहिल्या, थांबल्या.

दहा वर्षांनी संधी पुन्हा आली. हरिराव ऑक्टोबर १८४३ मध्ये गेले. त्यांचे दत्तकपुत्र खंडेराव पुढील फेब्रुवारीत अविवाहितच वारले. कृष्णाबाईंच्या मनात अजूनही मार्तंडराव होते. कंपनी सरकारने त्यांस नकार दिला. तेव्हा त्यांच्या संमतीने भाऊ होळकरांच्या लहान मुलाची निवड झाली आणि जून १८४४ मध्ये तो गादीवर आला. हेच दुसरे तुकोजीराव. १८४९ मध्ये निधन होईपर्यंत कृष्णाबाई त्यांच्या वतीने कारभारावर लक्ष ठेवून होत्या, आणि त्यांनी निवडलेल्या या राजाच्या दीर्घ कारकिर्दीत इंदूर शहर वाढले.

कृष्णाबाई आणि तुळसाबाई यांचा मार्ग एकच होता. दोघींनीही बालवारस हाती धरला, दोघींनीही इंग्रजांशी जुळते घेतले, दोघींनाही आपले स्थान टिकवायचे होते. स्वभावात फरक असेल, आणि कृष्णाबाईंच्या नावावर बाळाराम शेठसारखा वध नाही हे महत्त्वाचेच आहे. पण परिस्थितीतील फरक त्याहून मोठा आहे. एकीस उपाशी पलटणींची फिरती छावणी मिळाली, दुसरीस मंदसोरच्या तहानंतरची स्थिर राजधानी. एकीचा डाव फसला तेव्हा तलवार उचलली गेली. दुसरीचा फसला तेव्हा तिला वाट पाहण्यास दहा वर्षे मिळाली.

होळकरांच्या मूळ कागदपत्रांचे संकलन इंदुरातच झाले, वा. वा. ठाकूर यांनी संपादिलेली ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ १९४४-४५ मध्ये येथूनच प्रसिद्ध झाली. जेत्याच्या वृत्तान्ताशेजारी ठेवून पाहता येईल असे मोडी दप्तर या शहराच्या वारशात आहे. त्या साधनांच्या आधारे तुळसाबाईंच्या सहा वर्षांचा स्वतंत्र, निःपक्ष अभ्यास व्हावा, एवढी अपेक्षा गैर नाही. त्यातून त्या निर्दोष ठरतील असे नाही. परंतु क्षिप्रेच्या काठी ज्या आरोपासाठी त्यांचा वध झाला, त्याच आरोपातील धोरणावर सतरा दिवसांनी राज्याची सही झाली आणि त्या सहीतूनच राजधानी इंदूर उभे राहिले, ही नोंद त्यांच्या नावापुढे असणे हे या शहराकडून त्यांचे देणे लागते.